माउंटन बाइकचा टायर कापला, फाटला, झिजला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायरबद्दल जे मेसेज येतात त्यांच्यासोबत बहुतेक वेळा एक फोटो असतो, आणि त्यात चिखल सोडून काही दिसत नाही. मग तेच प्रश्न उलट विचारावे लागतात: चीर कुठे आहे, धागे दिसतात का, ट्यूब आहे की ट्यूबलेस? म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पंक्चर होणं आणि टायर खराब होणं यात फरक काय? हवा तर दोन्हीत जाते.

ट्यूबवाल्या चाकात हवा धरते ट्यूब. टायर त्या ट्यूबला आवळून धरतो आणि जमिनीवर पकड देतो. टायरचे भाग तीन. बाहेरचं रबर आणि त्यावरचे नॉब, म्हणजे ते उंचवटे. त्याखाली बारीक धाग्यांचं कापड, त्याला केसिंग म्हणतात. आणि दोन्ही कडांना रिममध्ये अडकणारी कड, म्हणजे बीड. बीडच्या आत तार असते किंवा घडी घालता येणाऱ्या टायरमध्ये मजबूत कृत्रिम धागा.

हवेचा सगळा ताण केसिंगचे धागे घेतात, रबर नाही. त्यामुळे रबराला चीर पडली आणि धागे शाबूत असतील तर टायर चालतो. बाहेरून चीर नखाएवढी दिसते पण आतले धागे तुटलेत, तर तो टायर आजारी आहे. खालची निम्मी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. धागे तुटलेत की नाही हे बघायचं कसं?

हवा पूर्ण काढा. चिरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून टायर बाहेरच्या दिशेने वाकवा, म्हणजे चीर ओठांसारखी उघडते. आत नुसतं काळं रबर दिसलं तर निश्चिंत राहा. फाटक्या कापडाच्या दशांसारखे पांढरट किंवा तपकिरी तंतू दिसले तर धागे तुटलेत. मग टायरची एक बाजू रिमवरून उतरवा आणि तीच जागा आतून बघा. आतून सुई टोचल्याएवढं भोक असेल तर ठीक. आतूनही चीर दिसत असेल तर प्रश्न ३ वाचा.

खात्री होत नसेल तर टायर परत बसवून हवा भरा आणि चाक फिरवत बाजूने बघा. ज्या जागी धागे गेलेत तिथे टायर गळवासारखा फुगतो. तो फुगवटा दिसला की पुढची चर्चा संपली, टायर बदला.

३. कुठला टायर दुरुस्त होतो आणि कुठला टाकूनच द्यायचा?

चीर किती मोठी यापेक्षा कुठे आहे ते आधी बघा.

मधोमध, नॉबच्या पट्ट्यात, चार-पाच मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर दुरुस्त करा आणि विसरून जा. तिथे रबर जाड असतं आणि टायर कमी वाकतो. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, पातळ असते आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला वाकते. तिथलं छोटं भोक आतून पॅच लावून टिकतं, पण सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठी चीर असेल तर गेटर, म्हणजे आतून आधाराचा तुकडा, लावून घरी पोचा (प्रश्न ६) आणि नवा टायर घ्या. बीड कापला असेल, त्याची तार बाहेर आली असेल किंवा वाकली असेल तर कुठलाही उपाय करू नका. बीड हाच टायर रिमवर धरून ठेवतो. तो उतारावर निसटला तर टायर एका क्षणात रिमबाहेर येतो, आणि पुढचं चाक असेल तर आवरायला वेळच मिळत नाही.

४. ट्यूबचं पंक्चर घरी काढलं तर पॅच दोन दिवसांत सुटतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा घाई. भोक सापडल्यावर त्याच्या भोवती पॅचपेक्षा मोठी जागा पॉलिश पेपरने घासा, रबराची चकाकी पूर्ण जायला हवी. ट्यूबवर साच्याची बारीक शिवण असते, ती पॅचखाली येत असेल तर घासून सपाट करा, नाहीतर त्या शिवणीखालून हवा वाट काढते. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. पाच मिनिटं तरी. लोक ओल्यावरच पॅच चिकटवतात, कारण कागद चिकटवायची सवय असते. इथे उलटं आहे: थर कोरडा, मंद दिसायला लागला की पॅच लावायचा आणि मधून कडेकडे जोरात दाबायचा. वरचा पारदर्शक कागद निघाला नाही तर तसाच राहू द्या, ओढताना पॅचची कड उचलली जाते.

आयते चिकटणारे, सोल्युशन न लागणारे पॅच वाटेत सोयीचे असतात. मी ते तात्पुरतेच समजतो.

५. पंक्चर काढलं, हवा भरली, थोड्या वेळात परत खाली. ट्यूब बदलली तरी तेच.

कारण काढलंच नाही. हे माझ्याही बाबतीत झालंय: एकाच दुपारी तीन ट्यूब. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की तारेचा केसाएवढा तुकडा टायरमध्येच उभा होता आणि मी त्याच्यासमोर इमानदारीने नवी ट्यूब ठेवत होतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशीच येईल असा टायर बसवतो. ट्यूबमध्ये भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते मोजतो आणि टायरवर त्याच अंतरावर बघतो. ट्यूब कुठल्या बाजूने घातली होती ते आठवत नसेल तर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना बघावं लागतं, एवढंच. आतून बोट फिरवू नका, काच असेल तर बोट कापेल. कापूस किंवा जुना मोजा फिरवा, काटा असेल तिथे तो अडकतो.

भोक कुठल्या बाजूला आहे तेही बोलतं. बाहेरच्या बाजूला असेल तर टायरमध्ये काहीतरी घुसलंय. आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिम टेप, म्हणजे स्पोकची भोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे आणि स्पोकचं भोक किंवा टोक ट्यूबला लागतंय. जवळजवळ शेजारी दोन छोट्या चिरा, साप चावल्यासारख्या, दिसल्या तर टायर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली. त्यात काटा शोधत बसू नका, हवा कमी होती (प्रश्न १६). आणि व्हॉल्व्हच्या मुळाशीच फाटलं असेल तर ती ट्यूब पॅच लावून वाचत नाही.

६. वाटेतच साइडवॉल फाटली. घरी कसं पोचायचं?

गेटर लावून. चिरेच्या आतल्या बाजूला, ट्यूब आणि टायरच्या मध्ये, काहीतरी चिवट आणि न ताणणारं ठेवायचं, म्हणजे ट्यूब चिरेतून फुगून बाहेर येत नाही. सगळ्यात चांगला गेटर म्हणजे जुन्या टायरचा तुकडा. तो नसेल तर टूथपेस्टची रिकामी ट्यूब, जाड प्लॅस्टिक वेष्टन, दोन-चार घड्या घातलेली नोट, काहीही. चाकाच्या रबरी ट्यूबचा तुकडा मात्र चालत नाही, रबर ताणलं जातं आणि तेही चिरेतून डोकावायला लागतं.

तुकडा चिरेपेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठा हवा. आधी थोडीच हवा भरा, म्हणजे ट्यूब त्याला दाबून धरेल, मग बाहेरून बघा: चिरेतून तुकडा दिसतोय की ट्यूब? तुकडा दिसला तर बाकीची हवा भरा, पण नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. मग हळू चला, उड्या नाहीत. पुढचा टायर असेल तर उतार पायी उतरायलाही लाजू नका.

७. फाटलेली साइडवॉल शिवली तर चालते का?

महाग टायर नवा असताना कापला की हा प्रश्न हमखास येतो, आणि मला तो समजतो. जाड नायलॉनच्या दोऱ्याने वाकड्या सुईने शिवून, आतून मोठा पॅच लावून चालवणारे लोक आहेत. टाके कडेच्या फार जवळ घातले तर तेच धागे कापतात, म्हणून चिरेपासून पाच मिलिमीटर तरी लांब घालावे. सेंटिमीटरभराची चीर असेल आणि टायर मागे, सपाट वाटेसाठी वापरणार असाल तर हरकत नाही. पुढच्या चाकाला शिवलेला टायर मी स्वतः लावत नाही.

८. ट्यूबलेस आहे. भोकातून सीलंटचा फवारा उडतोय पण बंद होत नाही.

आधी भोक खाली, जमिनीकडे येईल असं चाक फिरवून अर्धा मिनिट धरा. सीलंट, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये घातलेला पातळ द्रव, खालीच साचलेलं असतं, भोक वर असेल तर त्याला पोचता येत नाही. खिळा किंवा काटा अजून आत असेल तर प्लग हातात येईपर्यंत तो ओढू नका, तोच बूच आहे.

तरी थांबत नसेल तर प्लग, म्हणजे ती चिकट दोरीसारखी पट्टी. सुईच्या नेढ्यात अडकवून भोकात रेटा, दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहू द्या, आणि सुई झटक्यात बाहेर ओढा. सावकाश ओढली तर पट्टीही सोबत येते. मग हवा भरा. टोकं नॉबच्या उंचीला कापली तर छान, नाहीतर चालवता चालवता झिजतात.

भोक छोटं असूनही फवारा न येता नुसती हवा जात असेल तर सीलंट वाळलंय. बहुतेक सीलंट दोन ते सहा महिन्यांत आटतात, गरम कोरड्या हवेत लवकर. चाक कानाजवळ हलवून बघा: आत पाण्यासारखा आवाज आला पाहिजे. २९ इंची टायरला साधारण १०० मिलिलिटर लागतं.

९. प्लग मारल्यावर टायर किती दिवस चालेल?

मधल्या पट्ट्यातला प्लग टायर झिजेपर्यंत टिकतो, माझे टिकलेत. खांद्याजवळचा, म्हणजे कडेच्या नॉबच्या मुळाशी असलेला, वळणावर सैल होतो. तो घरी आल्यावर आतून पॅच लावून पक्का करा. फक्त लक्षात ठेवा, सीलंट लागलेल्या जागेवर काहीही चिकटत नाही. वाळलेली साय सोलून काढायची, स्पिरिटने पुसायचं, घासायचं, मगच सोल्युशन.

१०. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकता येते का?

येते, आणि मोठ्या चिरेवर वाटेत तोच उपाय आहे, गेटरसकट. ट्यूबलेस व्हॉल्व्हचं नट सैल करून तो काढा, सांडलेलं सीलंट पुसा. पण ट्यूब घालण्याआधी टायर आतून सबंध तपासा. सीलंट असताना त्या टायरने कित्येक काटे गुपचूप पचवलेले असतात आणि त्यांची टोकं अजून आत असतात. एका चाकातून मी सात काढले आहेत. तपासायची पद्धत प्रश्न ५ मध्ये आहे.

व्हॉल्व्हचा नट हाताने निघेल एवढाच आवळायचा असतो. पक्कडीने आवळला तर वाटेत तो सोडवायला पक्कडच लागते.

११. टायर झिजला हे कधी समजायचं?

मधले नॉब नव्याच्या निम्म्याहून कमी उंच राहिले, पुढच्या कडा गोल झाल्या, कडेचे नॉब मुळाशी फाटायला लागले किंवा कुठेही धागे दिसले की बदला. मागच्या टायरवर वजन जास्त आणि ताकदही त्यातूनच जाते, म्हणून तो आधी झिजतो. साइडवॉलवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे म्हणजे रबर वाळतंय. नुसते रबरात असतील तर लगेच घाबरू नका, पण टायर बोटांनी वाकवल्यावर तडे उघडत असतील तर त्याच्यावर डोंगर उतरू नका. उन्हात उभी राहिलेली, न चालवलेली सायकल यात पुढे असते.

१२. नवीन टायर कुठल्या मापाचा घ्यायचा? टायरवर दोन-तीन आकडे आहेत.

ज्यात मधे छोटी आडवी रेघ आहे तो आकडा वाचा, उदाहरणार्थ ५७-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर बीड बसतो त्या जागेचा व्यास. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, एका मिलिमीटरचीही सवलत नाही. माउंटन बाइकला तीन व्यास येतात: २६ इंचीला ५५९, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२. रोड सायकलचं ७००सी हे मापही ६२२ च असतं, त्यामुळे व्यास जुळतो, रुंदी जुळेलच असं नाही.

रुंदीत मोकळीक आहे. २५ ते ३० मिलिमीटर आतली रुंदी असलेल्या रिमवर २.२५ ते २.५ इंची टायर छान बसतात. पण रुंद टायर घेण्याआधी फ्रेम आणि फोर्कमध्ये जागा मोजा. दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर तरी मोकळं हवं, नाहीतर चिखल अडकून चाक फ्रेमचा रंग खरवडतं.

१३. रिम २६ ची, टायरही २६ चा, तरी बसत नाही. टायर खराब आहे का?

टायर बरोबर आहे, आकडा फसवा आहे. माउंटन बाइकचं २६ दशांशात लिहितात, २६ × २.१ असं, आणि त्याचा व्यास ५५९. साध्या सायकलींवर २६ × १ ३/८ लिहिलेला असतो, त्याचा व्यास ५९०. इंच एकच, फरक ३१ मिलिमीटरचा. दशांश आणि अपूर्णांक ही दोन वेगळी घराणी आहेत, एकमेकांत सोयरीक होत नाही.

१४. एकच टायर गेला तर जोडी बदलावी का? नवा पुढे की मागे?

जोडीची गरज नाही. नवा टायर नेहमी पुढे. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण जमिनीवर. म्हणजे मागचा टायर झिजला तरी पुढचा मागे न्या आणि नवा पुढे लावा. अपवाद: काही टायर खास मागच्या चाकासाठी केलेले असतात, ते मागेच. साइडवॉलवरचा बाण चाक फिरण्याची दिशा दाखवतो. मागे-पुढे वेगवेगळे बाण असतील तर ज्या चाकाला लावताय त्याचा बघा.

१५. टायर चढवताना शेवटचा वीतभर भाग बसतच नाही. लिव्हरने, म्हणजे टायर काढायच्या पट्टीने, रेटू का?

नको. बहुतेक चिमटलेल्या ट्यूब तिथेच फाटतात. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते. व्हॉल्व्हच्या अगदी विरुद्ध बाजूने सुरुवात करा आणि बीड सगळीकडे त्या पन्हळीत ढकलत व्हॉल्व्हकडे या. तिथे व्यास कमी असल्याने तेवढी ढील शेवटच्या भागाला मिळते. ट्यूबचा व्हॉल्व्ह आत दाबून परत बाहेर ओढा, म्हणजे बीडखाली ट्यूब अडकत नाही.

ट्यूबलेस असेल तर उलट अडचण येते: टायर चढतो सहज, पण हवा भरताना कडेने सगळी निघून जाते. बीडला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हची आतली पिन काढा आणि उभ्या पंपाने भराभर हवा मारा. बीड जागेवर बसताना ठक-ठक असा आवाज येतो, पहिल्यांदा दचकायला होतं. टायर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी असेल त्याच्या वर जाऊ नका. नंतर टायरच्या दोन्ही बाजूंवरची, बीडजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का बघा.

१६. हवा किती ठेवायची?

सुरुवात म्हणून: ७५ किलोचा माणूस, २.३ इंची टायर, ट्यूब असेल तर पुढे २७ आणि मागे ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). ट्यूबलेसला त्यातून तीन-चार कमी. वजनाप्रमाणे आणि वाटेप्रमाणे एकेक पीएसआय बदलत जा. रिम दगडाला लागल्याचा आवाज येत असेल तर वाढवा, ओल्या मुळांवर घसरत असेल तर कमी करा. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यावर माझा विश्वास नाही, पंपाचा काटा बघा.

१७. गॅसच्या छोट्या नळकांड्याने हवा भरली, दुसऱ्या दिवशी चाक मऊ. पंक्चर राहिलं का?

नसेलही. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो. घरी आल्यावर तो सोडून पंपाने हवा भरा. परत मऊ झालं तर मग प्रश्न ५. काही सीलंट या गॅसच्या थंड फवाऱ्याने गोठतात, म्हणून भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा.

१८. हलकी, पारदर्शक टीपीयू ट्यूब आहे. नेहमीचा पॅच चालेल?

नाही. ते रबर नाही, त्यामुळे सोल्युशन धरत नाही. टीपीयूचेच चिकट पॅच मिळतात, स्पिरिटने पुसून लावायचे. टायरच्या बाहेर असताना या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरतीच हवा भरा. जास्त भरली तर ती ताणली जाते आणि परत आत बसत नाही.

१९. टायर बदलायला चाक काढलं, आता परत बसवताना ब्रेक जाम.

चाक बाहेर असताना कुणीतरी ब्रेक दाबला. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, मधे नसेल तर पॅड एकमेकांजवळ येतात. सपाट, स्वच्छ, शक्यतो प्लॅस्टिकच्या पट्टीने ते हलकेच दूर करा. पुढच्या वेळी चाक काढलं की पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी ठेवा. मागचं चाक काढण्याआधी चेन मागच्या सगळ्यात छोट्या दातेरी चक्रावर आणा, आणि रोटरला सीलंटचे हात लावू नका.

२०. काढलेल्या जुन्या टायरचं काय करू?

साइडवॉलचे सहा-सात सेंटिमीटरचे दोन तुकडे कापून घ्या. बीड आणि नॉब नकोत, नुसती बाजू. कडा पॉलिश पेपरने घासून पातळ करा, नाहीतर ती कडच ट्यूबला घासून नवं भोक पाडते. कोपरे गोल कापा. एक तुकडा सीटखालच्या पिशवीत ठेवा, आणि दुसरा सोबत्याच्या, कारण वाटेत टायर त्याचाच फाटतो.